म्हातारचळ नव्हे, आजार : अल्झायमरची औषधे काय करतात?

मुळशी तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांत ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून बरेच काही सोडून दिले जाते. आजी तेच तेच विचारते, गॅस चालू ठेवून विसरते, रोजच्या वाटेवर चुकते. मग कुणी बाधा म्हणते, गंडा बांधते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी हे नको. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्याचे सर्वांत मोठे कारण अल्झायमर.

मात्र विसरभोळेपणा थायरॉइड, बी-१२ ची कमतरता किंवा नैराश्य यांनीही येतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो. म्हणून आधी पौडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे, गरज पडल्यास पुण्याला ससूनमध्ये.

अल्झायमरच ठरला तर? मेंदूच्या पेशी अॅसिटिलकोलीन नावाच्या द्रव्यातून एकमेकींना निरोप देतात. या आजारात ते कमी पडते. डोनेपेझिलची गोळी ते द्रव्य मोडणाऱ्या घटकाला अडवते, त्यामुळे उरलेले जास्त वेळ टिकते. मळमळ, जुलाब होऊ शकतात, नाडीही मंदावू शकते. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. आजार वाढल्यावर मेमँटिन देतात, ते ग्लुटामेट या दुसऱ्या द्रव्याचा अतिरेक आवरते. दोन्हींनी काही काळ थोडा फरक पडतो, गेलेली आठवण परत येत नाही. जेनेरिक गोळ्या स्वस्त पडतात, जनऔषधी केंद्रात विचारावे.

मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड प्रथिनावर लेकॅनेमॅब हे नवे औषध आहे. अमेरिकेत त्याला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ते शिरेतून देतात, फक्त सुरुवातीच्या अवस्थेत, आणि आजार थांबत नाही, वेग थोडा कमी होतो. मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय लागतो. खर्च प्रचंड. यासाठी कुणी दागिने मोडू नयेत, असे आम्हाला वाटते.

‘लॅन्सेट’च्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोग्या १४ कारणांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपणा, एकटेपणा आहेत, आणि कमी शिक्षणही. आपल्या आज्यांना शाळेच्या दाराबाहेर ठेवले गेले, त्याची किंमत त्या अजून मोजत आहेत. आता निदान त्यांचा रक्तदाब तपासावा, कानाला यंत्र लावावे, रविवारी विहारात सोबत न्यावे. सांभाळणाऱ्या सुनेलाही आळीपाळीने सुट्टी द्यावी. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७.