मौना केआ : चढताना दम, उतरताना फर्स्ट गिअर

हवाई बेटावरचा मौना केआ हा सुप्त ज्वालामुखी ४२०७ मीटर उंच. केकच्या १० मीटर व्यासाच्या जुळ्या दुर्बिणी इथल्याच. समुद्रकिनाऱ्यावरून गाडीने दोनेक तासांत माथा गाठता येतो, आणि खरी गोम तिथेच आहे. वर हवेचा दाब खालच्या जेमतेम ६० टक्के; शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून २८०० मीटरवरच्या केंद्रापाशी निदान अर्धा तास थांबायला सांगतात. डोकं ठणकायला लागलं, तर हिरोगिरी न करता सरळ खाली यायचं.

आता मेकॅनिकलवाल्यांसाठी! माथ्यापासून केंद्रापर्यंत उतार १४०० मीटरचा. जीपचं वजन २००० किलो धरा आणि एमजीएच काढा : सुमारे २७ मेगाज्यूल. एवढ्या उष्णतेत ८० लिटर पाणी उकळीला येईल. ही सगळी ब्रेकमध्येच गेली तर ब्रेक ऑइल उकळतं, वाफ दाबली जाते आणि पेडल नुसतंच खाली जातं. म्हणून वर न्यायला लो रेंजवाली फोर व्हील ड्राइव्हच लागते. उतरताना लो रेंज, पहिला गिअर, ॲक्सिलरेटरवरून पाय बाजूला. आता चाकंच इंजिन फिरवतात आणि बरीचशी उष्णता रेडिएटर-सायलेन्सरवाटे निघून जाते. घाटात न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवायची आपली सवय इथे जिवावर बेतेल.