सही चालते तोवर

माझे थोरले काका पाटबंधारे खात्यात हिशेबाचं काम बघत. निवृत्तीनंतरही कोथिंबिरीच्या जुडीपर्यंतचा खर्च ते वहीत लिहून ठेवायचे. त्याच काकांनी एकदा विजेचं बिल दोनदा भरलं आणि आरोग्य विम्याचा हप्ता राहून गेला. वाढीव मुदतही उलटली आणि पॉलिसी बंद पडली. पुढे कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी ठेव मोडून भलतीच योजना घेतली. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: वय झालं, आता असं व्हायचंच.

पैशाच्या व्यवहारातली गडबड ही अल्झायमरची फार लवकर दिसणारी खूण असू शकते. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विमा योजनेतल्या ज्येष्ठांच्या कर्जफेडीच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे डिमेन्शियाचं निदान झालेल्या, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचे हप्ते निदानाच्या सहा वर्षं आधीपासूनच इतरांपेक्षा जास्त थकत होते.

काकांचं निदान झालं तेव्हा त्यांना सही जमेनाशी झाली होती. फ्लॅट आणि ठेवी त्यांच्या एकट्याच्या नावावर. काकूंकडे कुलमुखत्यारपत्र होतं आणि सगळे त्याच्या भरवशावर होते. पण १८७२ च्या करार कायद्यानुसार, ते देणाऱ्या माणसाची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारीही संपते. औषधपाण्यासाठी त्यांचाच पैसा मोकळा करायला पालकत्वाचा अर्ज घेऊन उच्च न्यायालयात जावं लागलं. वकिलाची फी, वैद्यकीय अहवाल, तारखा. दरम्यान ब्युरोतून ठेवलेल्या मावशींचा पगार चुलतबहीण स्वतःच्या बचतीतून देत होती, आणि रात्रीची जागरणं झेपेनात म्हणून तिने नोकरीही सोडली.

तिचा बुडालेला पगार कुठल्याच बिलात दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र तो हिशेब मांडला आहे: २०१९ मध्ये डिमेन्शियाचा जगभरातला खर्च १.३ लाख कोटी डॉलर होता आणि त्यातला निम्मा भार घरच्यांच्या विनामोबदला सेवेचा. भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक या आजारासह जगतात असा अंदाज आहे. इथे तर बहुतेक सेवा घरचेच करतात, आणि त्यातही लेकीसुनाच.

लवकर निदानाने आजार बरा होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. तरी पैसा वाचतो. अमेरिकेतल्या अल्झायमर्स असोसिएशनने २०१८ मध्ये अंदाज बांधला होता, की सौम्य विस्मरणाच्या टप्प्यावरच निदान झालं, तर त्या देशातल्या तेव्हा हयात असलेल्या लोकांच्या उपचार आणि सेवेवरचे ७.९ लाख कोटी डॉलरपर्यंत वाचू शकतात. शिवाय प्रत्येक विस्मरण अल्झायमरचं नसतं. बी-१२ ची कमतरता, मंदावलेलं थायरॉइड किंवा नैराश्य यांमुळेही माणूस विसरभोळा होतो, आणि त्यावर उपचार आहेत. रक्ताच्या साध्या तपासणीत जे कळू शकतं त्यासाठी वर्षानुवर्षं भीती बाळगण्यात काय अर्थ आहे?

निदान अल्झायमरचंच निघालं, तर सुरुवातीचा काळ सोन्याच्या मोलाचा. त्या माणसाला कळत असतं, बोलता येतं, सही करता येते. बँकेतलं खातं जोडीदारासोबत ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ करून घ्यावं. नॉमिनी तपासावेत. मृत्युपत्र करायचं असेल तर सही करताना मानसिक स्थिती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडावा, म्हणजे पुढे भावंडांत वाद झाला तरी कागद टिकण्याची शक्यता वाढते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांबद्दलची इच्छा आधीच लिहून ठेवण्याची आणि आपला प्रतिनिधी नेमण्याची सोय दिली आहे. विम्याचे हप्ते थेट खात्यातून वळते होतील अशी व्यवस्था करावी आणि मोठ्या रकमेची ठेव मोडण्याआधी मुलांपैकी एकाला विचारायचं, हे त्यांच्याशी बोलूनच ठरवावं. त्यांच्या अपरोक्ष नव्हे.

डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना गेल्या दोनतीन वर्षांचं पासबुक, चुकलेली बिलं आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. काकांच्या वहीत आकडे कधीपासून चुकू लागले, हे डॉक्टरांनी पानं उलटताच दाखवून दिलं होतं.