लोकरी माव्याचे वैरी

कलाशाखेच्या अंकात किडीवर लेख कशाला, असे कोणी विचारील. पण आपल्यापैकी अनेकांची फी उसाच्या बिलातून भरली जाते, तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

२००२ च्या जुलैत सांगली जिल्ह्यातील उसावर लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात पसरला. पानाच्या खालच्या बाजूस कापसासारखा पांढरा थर दिसतो. ती लोकर म्हणजे किडीच्या अंगावरचे मेण. मावा पानाचा रस शोषतो. त्याने टाकलेला चिकट द्रव खालच्या पानांवर पडतो व त्यावर काळी बुरशी चढते. मादीला नराची गरज नसते; ती थेट पिलांनाच जन्म देते. मग संख्या वाढायला वेळ तो किती!

फवारणी सुरू झाली. पण डोक्यावर गेलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरणे सोपे नव्हे. आमचे आजोबा म्हणतात, औषध पानाला कमी आणि माणसालाच जास्त लागे.

माव्याचे वैरी मात्र त्याच पानावर होते. शेतकरी ज्याला ‘कोनोबाथ्रा’ म्हणतात (शास्त्रीय नाव डिफा), ती एका पतंगाची अळी. ती माव्याच्या वस्तीतच रेशमी जाळे विणते आणि त्याच्या आडून मावा फस्त करते. दुसरा मायक्रोमस, तपकिरी जाळीदार पंखांचा नाजूक कीटक. याची अळीही मावा खाते आणि प्रौढही. फवाऱ्याला यातले काही कळत नाही. तो सर्वांनाच मारतो. मागे थोडा मावा उरला तरी तो झपाट्याने वाढतो, कारण त्याला खाणारे उरलेले नसतात.

म्हणून शास्त्रज्ञांनी हेक्टरी १००० कोनोबाथ्रा किंवा २५०० मायक्रोमस अळ्या सोडण्याची शिफारस केली. त्यानंतर फवारणी बंद. अळ्या असलेली पाने कापून दुसऱ्या फडातील पानांना अडकवायची. या अळ्या पुरेशा मिळाव्यात म्हणून शेडनेटमध्ये उसावर मुद्दाम मावा पोसला गेला, ही मला यातली सर्वांत गमतीची गोष्ट वाटते!

अवघड होते ते थांबणे. सोसायटीचे कर्ज डोक्यावर, पाने रोज पांढरी होत चाललेली, आणि पंप खुंटीला टांगून ठेवायचा! शेजारी फवारतो आहे हे दिसत असताना तर फारच अवघड. मात्र जेथे लोक थांबले तेथे या अळ्या वाढल्या आणि मावा हटला.

आजही अधूनमधून मावा दिसतो. तेव्हा आजोबा पान उलटून आधी जाळे शोधतात.