मोहोर भरात आणि आभाळ भरलेलं

प्रश्न : पैठण तालुक्यात आमची केसर आंब्याची बाग आहे. ऐन मोहोरात आभाळ येतं, पाऊस शिंतडतो, दुसऱ्या दिवशी कडक ऊन. असं का होतं? फवारणी करावी का?

उत्तर : फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेकडचे कोरडे, गार वारे आणि समुद्रावरून आलेले दमट वारे मराठवाड्यावर एकमेकांना भिडतात. वर हवा थंड, खाली जमीन तापलेली. दुपारनंतर ढग उंच चढतात, कधी गाराही पडतात. २०१४ची गारपीट तुम्ही विसरला नसालच.

मला पावसापेक्षा धास्ती वाटते ती नंतरच्या ढगाळ दिवसांची. मोहोराच्या दांड्यावर पांढरी पिठूळ बुरशी दिसली, तर ती भुरी. पाण्यात विरघळणारं गंधक दहा लिटरला २० ग्रॅम घेऊन सकाळी लवकर फवारा; उन्हात फवारलं तर मोहोरच करपेल. फुलं पूर्ण उमललेली असताना कीटकनाशक मात्र नको, आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्याच करतात. (शेजाऱ्याने फवारलं म्हणून आपणही, हे तर मुळीच नको.) पाऊस थांबताच फांद्या हलक्या हाताने हलवून मोहोरावरचं पाणी झटका.

गारपिटीचं विमा संरक्षण घेतलं असेल, तर नुकसान ७२ तासांच्या आत कळवा आणि फोटो काढून ठेवा.