पत्ता मिळाला, माणूस नाही

ताई, निरोप तर येतोय, पण पाठवणाऱ्याचा पत्ता कसा काढू, असं विचारलंस आणि लगेच ‘मला हे जमणारच नाही’ म्हणालीस. जमणार गं. ऐक नीट.

यूडीपीत आधी जोडणी करावी लागत नाही. एकाच सॉकेटवर दहा जणींचे निरोप येऊन पडतात. तिथे नुसतं ‘रिसीव्ह’ वापरलंस तर मजकूर हाती येतो, पाठवणारी कळत नाही. ‘रिसीव्ह-फ्रॉम’ घे. त्याचे शेवटचे दोन पॅरामीटर त्यासाठीच आहेत: एक पत्त्याच्या स्ट्रक्चरचा पॉइंटर, दुसरा त्याच्या लांबीचा. गोची होते ती या लांबीपाशी. ती तू आधी भरून द्यायची, कर्नल तिथेच खरी लांबी लिहून परत देतो. म्हणून लूपच्या दर फेरीला ती नव्याने भर. शून्य राहिली तर पत्ता येतच नाही, आणि मुली उगाच नेटवर्कला दोष देत बसतात. टीसीपीत ‘अ‍ॅक्सेप्ट’च पत्ता देतो; नंतर लागला तर ‘गेटपीअरनेम’.

पोर्ट विसरू नकोस. आपल्या नायगावात नुसता चाळीचा नंबर सांगून भागत नाही, खोली नंबरही लागतो, तसंच हे. आणि ८०८० च्या जागी ३६८९५ छापून आलं, तर घाबरू नकोस. बाइट उलटे वाचले गेलेत, ‘एनटीओएचएस’ राहिलंय.

आता मनातलं सांगते, कारण वर्गात हे कुणी सांगत नाही. हाती आला तो पत्ता, माणूस नव्हे. यूडीपीत पाठवणारा खोटा पत्ताही घालू शकतो. मोबाइल नेटवर्कवर तर कितीतरी ग्राहक बाहेरून एकाच आयपीव्ही४ पत्त्याने दिसतात. २००७ साली ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर आला. पुणे पोलिसांनी आयपी पत्त्यावरून बंगळूरच्या एका तरुण इंजिनिअरला पकडलं. ५० दिवस तो येरवड्याच्या तुरुंगात होता. त्याचा काहीएक संबंध नव्हता. इंटरनेट कंपनीने त्या पत्त्यामागचं नाव चुकीचं दिलं होतं. त्या मुलाच्या घरच्यांचं काय झालं असेल, याचा विचार आला की माझा जीव आजही कासावीस होतो.

म्हणून तुझ्या प्रोजेक्टमध्ये निव्वळ पत्ता बघून कुणाला आत घेऊ नकोस, कुणावर ठपकाही ठेवू नकोस. लॉगमध्ये पत्ता, पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ, तीही टाइमझोनसकट, असं सगळं लिहीत जा. आणि सर्व्हर घराबाहेरच्या मशीनवर चालव, मग घरच्या वाय-फायवरून तुझ्या आणि आईच्या फोनवरून एकेक निरोप पाठव. आयपीव्ही४ वर दोघींचा पत्ता एकच दिसेल, पोर्ट मात्र वेगळे. तो लॉग मला पाठव, रात्री फोनवर बसून बघू.