आधी कथा, मग फडके

कथा कशी लिहावी हे सांगणारं पुस्तक कथा लिहून झाल्याशिवाय उघडायचं नाही. कपाटातलं 'प्रतिभासाधन' तू मागितलंस आणि मी दिलं नाही, त्याचं कारण एवढंच. रुसून बसू नकोस, नीट ऐकून घे.

ना. सी. फडक्यांनी 'प्रतिभासाधन' लिहिलं १९३१ साली. कथा-कादंबरी ही नुसती अंगात येणारी गोष्ट नाही, तिला कसब लागतं आणि ते कमावता येतं, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. पुढे १९५२ मध्ये 'लघुकथालेखन : मंत्र आणि तंत्र' आलं. फडके म्हणजे गुळगुळीत प्रेमकथा, असं तुमची पिढी न वाचताच म्हणते. कादंबऱ्यांचं राहू दे, पण शिकवणारा माणूस म्हणून फडके पक्के. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांनी तत्त्वज्ञान शिकवलं होतं, ती शिस्त पानापानावर दिसते. मुद्दा धरला की सोडत नाहीत आणि वाक्य कुठे अडखळत नाही.

धोका आहे तो तिथेच. कोरा कागद समोर ठेवून फडके वाचलेस तर तुला सगळं सोपं वाटेल आणि कथा सुचायच्या आधीच तिचा उत्कर्षबिंदू कुठे बसवायचा याची तू काळजी करत बसशील. पेणला गणपतीच्या कारखान्यात गेली आहेस ना? एका साच्यातून ओळीने मूर्ती निघतात, सगळ्या सारख्या. पण डोळ्यांची आखणी करायला हात मुरलेला लागतो आणि मूर्ती कुणाच्या हातची ते तिथे कळतं. फडक्यांकडून साचा मिळेल, आखणी मिळणार नाही.

म्हणून पहिला खर्डा शेवटापर्यंत ने. भिकार झाला तरी चालेल, अर्धा नको. मग वही बंद करून कॉलेजच्या परीक्षेला लाग. पंधरवड्याने स्वतःची कथा मोठ्याने वाच, जिथे जीभ अडेल किंवा जांभई येईल तिथे पेन्सिलीने खूण कर. मग ये माझ्याकडे, मी फडके देतो. तेही पहिल्या पानापासून वाचायचे नाहीत. सुरुवात रेंगाळली असेल तर सुरुवातीबद्दलचं, पात्र लाकडी झालं असेल तर पात्राबद्दलचं, एवढंच.

फडक्यांवर उतारा हवा असेल तर गंगाधर गाडगिळांचं 'खडक आणि पाणी' आहे. गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर या चौघांनी कथेतली ती रेखीव गाठ-उकल मोडली आणि माणसाच्या मनात काय चाललंय तिकडे कथा वळवली, तीच नवकथा. ते सगळं का केलं, हे गाडगीळ समीक्षक होऊन सांगतात. पण फडके पचल्याशिवाय गाडगीळ वाचलेस तर 'माझ्या कथेत काही घडत नाही, कारण ती नवकथा आहे' असं म्हणायला मोकळी होशील. ती पळवाट मी पुष्कळांना घेताना पाहिली आहे. इंग्रजीतलं एकच वाच, ई. एम. फॉर्स्टरची केंब्रिजमधली कादंबरीवरची व्याख्यानं, १९२७ सालची. एकाच गुणाची सपाट पात्रं आणि आपल्याला चकवू शकणारी भरीव पात्रं, हा भेद त्यांचाच. पुस्तक छोटं आहे, मिश्कीलही आहे, दिवा-रोहा गाडीत संपेल.

आता माझं खरं लाडकं पुस्तक सांगतो. ते कथालेखनावरचं नाही, कथाही नाही. विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास'. गोडसे आपल्या शेजारचे, पेण तालुक्यातल्या वरसईचे. घरावर कर्ज, म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढाच हिशेब. वाटेत बंड पेटलं आणि हा कोकणातला भिक्षुक थेट झाशीच्या वेढ्यात सापडला. परत आल्यावर साधारण पंचवीस वर्षांनी त्यांनी ते सगळं लिहून काढलं.

यातून शिकायचं काय? पहिलं म्हणजे निवेदक. 'निवेदकाचा दृष्टिकोन' या विषयावर जाडजूड प्रकरणं लिहिली गेली आहेत, त्या सगळ्यांचं काम गोडसे एकटे करतात. त्यांना युद्धातलं कळत नाही आणि कळतं असा आवही ते आणत नाहीत. भिक्षुकाच्या डोळ्यांना जे दिसेल तेच दिसतं: जेवण कसलं होतं, दक्षिणा किती मिळाली, कुठल्या घरात आसरा मिळाला. म्हणूनच झाशी पडते तेव्हा अंगावर काटा येतो. तोफांचं वर्णन कुणीही करील. पैशांची गाठोडी कुठे लपवावी या विवंचनेतला भटजी तोफेपेक्षा जास्त सांगून जातो. तुझ्या कथेतला बँकेतला शिपाई जगाच्या अर्थकारणावर बोलायला लागला होता, आठवतंय? त्याला त्याच्या टेबलापाशी परत आण.

दुसरं म्हणजे विहिरीचा प्रसंग. झाशी सोडून काल्पीच्या वाटेवर असलेली राणी धुळीने माखलेली, तहानलेली अशी गोडशांना विहिरीपाशी भेटते. गोडसे पाणी काढायला पुढे होतात, ती त्यांना थांबवते आणि स्वतः पाणी ओढते. बस. ती किती शूर, किती दुःखी, यावर भाषण नाही. तुझा हात जिथे विशेषणाकडे जाईल तिथे थांब आणि पात्राला काहीतरी करू दे.

तिसरी गोष्ट जरा खटपटीची आहे, पण कुठल्याही लेखन-शिबिरात इतकं शिकायला मिळणार नाही. हे पुस्तक पहिल्यांदा छापलं चिंतामण विनायक वैद्यांनी, १९०७ साली. छापताना त्यांनी भाषेवर हात फिरवला, काही भाग गाळला. पुढे १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून ते पुन्हा काढलं. दोन्ही आवृत्त्या मिळव, एकच प्रसंग दोन्हींत शेजारी शेजारी वाच. संपादकाने कुठे वाक्य सरळ केलं, कुठे बोलण्याचा ठेका गेला, काय वगळल्याने बरं झालं आणि काय वगळल्याने जीव गेला, हे वहीत दोन रकाने करून लिही. माझं विचारशील तर मला गोडशांचा ओबडधोबडपणा वैद्यांच्या नेटकेपणाहून प्रिय आहे. पण तू माझं ऐकू नकोस, रकाने भर आणि मग ठरव.

वरसईतच जन्मलेले दुसरे गृहस्थ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. त्यांनी १९०२ साली 'कादंबरी' नावाचा निबंध लिहिला होता, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसतं. मराठीतल्या अद्भुत आणि वास्तव कादंबऱ्यांचा त्यात त्यांनी झाडा घेतला आहे. राजवाड्यांची भाषा म्हणजे चाबूक, सोसेल तेवढं वाच. ऐतिहासिक कादंबरी लिहायची हौस कधी आलीच, तर दुसऱ्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचून भाषा उचलू नकोस. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडांतली पत्रं वाच. पैशाची तंगी, आजारपण, फौजेला दाणावैरण नाही, ही कुरकूर खरीखुरी माणसं करताहेत. तलवारीचा खणखणाट फार कमी आहे त्यात.

नीट लिहिलेली कथा कशी असते हे पाहायचं असेल तर दि. बा. मोकाशी. तेही आपल्या जिल्ह्यातले, उरणचे. पुण्यात रेडिओ दुरुस्तीचं काम करत. त्यांची 'आता आमोद सुनासि आले' ही कथा वाच. सुमित्रा भावे यांनी 'दिठी' हा चित्रपट तिच्यावरच केला. मुलगा गेलेला लोहार आहे, आणि त्याच रात्री एक गाय अडली आहे. मोकाशी त्या बापाला रडायला बसवत नाहीत, गाय सोडवायला उभं करतात. एकदा वाचून झाली की कथा वहीत हाताने उतरवून काढ, पूर्ण. वेडेपणा वाटेल, पण परिच्छेद कुठे तुटला, संवाद किती थोडका ठेवला, हे डोळ्यांतून सुटतं ते बोटांना कळतं.

संपादकांबद्दलही ऐकून ठेव. मौज प्रकाशन आणि 'सत्यकथा' मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, कथा पुन्हा लिहून मागवत. 'पाडस' ही अनुवादित कादंबरी ज्यांच्या मराठीमुळे आपल्याला आपलंच वाटतं ते हेच पटवर्धन. या शाळेवर चिडलेलेही होते. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'ची होळी केली. मला दोन्ही बाजू पटतात, कारण एकाच चाळणीतून गेलेलं सगळं एकसारखंच दिसायला लागतं. पण १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद पडली आणि कथा परत पाठवताना चार ओळी लिहिणारा माणूसही दुर्मिळ झाला. तेव्हा तुझा पटवर्धन तुलाच शोधायला हवा. कौतुक करणारी मैत्रीण नको, 'इथे मला कंटाळा आला' असं तोंडावर सांगणारी एक धर.

जी. ए. कुलकर्णींची पत्रं खंडांनी छापली आहेत, तीही चाळ. धारवाडला बसून हा माणूस केवढं वाचत होता ते पाहिलंस की आपलं वाचन किती तोकडं ते कळतं. मात्र जी. एं.सारखं लिहायला जाऊ नकोस, त्या वाटेने गेलेले फारसे परतलेले नाहीत. विलास सारंगांचं 'सर्जनशोध आणि लिहिता लेखक' मात्र दोन-तीन कथा हातावेगळ्या झाल्यावरच घे. ते लिहित्या माणसासाठी आहे, लिहू म्हणणाऱ्यासाठी नाही.

गावाबद्दल एकच सांगतो. दसऱ्यानंतर आपल्या रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस मानवंदना देतात, हे दरवर्षी पेपरात येतं. तू तेच लिहिलंस तर वाचायचं कशाला? त्या पहाटे धाटावच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून कुणी पालखीसाठी ताटकळत उभा असेल, तो तुझा. आणि आगरी बोली संवादात घालणार असशील तर ती बोलणाऱ्या माणसाला आधी वाचून दाखव. हसवण्यापुरती वापरलेली बोली त्या माणसाला लगेच कळते आणि लागते.

परीक्षेआधी तो शिपायाचा खर्डा पुरा कर. शेवटच्या ओळीखाली तारीख घालून वही घेऊन ये. 'प्रतिभासाधन' कपाटात दुसऱ्या फळीवर आहे, कव्हर घालून ठेवलंय.