डुमसचा समुद्र आणि चौतीस सेकंद

सुरतेजवळील डुमसचा किनारा काळ्या वाळूचा. एका सायंकाळी आम्ही तेथे कॅमेरा रोखला, तेव्हा छायाचित्रास १/३० सेकंदाचा प्रकाश पुरेसा होता. एवढ्या अवधीत लाट जागीच थिजते. आम्हांस तर तिची धावपळ पुसून टाकावयाची होती. म्हणून भिंगावर 'न्यूट्रल डेन्सिटी' नावाचा करडा फिल्टर चढविला. तो प्रकाश तेवढा अडवितो, रंग बदलीत नाही. (स्वस्त काचेची गोष्ट निराळी!) दहा 'स्टॉप'चा फिल्टर म्हणजे प्रकाश दहा वेळा निम्मा करणे, दोनाचा दहावा घात १,०२४. साहजिकच १/३० सेकंदाचे सुमारे ३४ सेकंद झाले. फोकस मात्र आधीच साधावा. मागाहून काळोखात काही दिसत नाही.

पहिले चित्र फसले. परतणाऱ्या लाटेने ट्रायपॉडखालची ओली वाळू ओढून नेली आणि क्षितिज दुहेरी उमटले! मग आम्ही मागे सरून कोरड्या वाळूत पाय खोल रोवले. आता समुद्र धुक्यासारखा मऊ आला, फिरणारी माणसे नाहीशी झाली. १८३८ मध्ये दागेरने घेतलेल्या पॅरिसच्या रस्त्याच्या चित्रातही रहदारी अशीच लोपली. बूट पुसून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ तेवढा राहिला. आमच्या चित्रात भज्यांची गाडी राहिली, गिऱ्हाइके गेली.